नारळ उभा राहिला, पण पुरावा कुठाय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही आमच्या भागातल्या एका पाणाड्याची, म्हणजे जमिनीत पाणी असेल तिथं तळहातावरचा नारळ उभा राहतो असं सांगून बोअरची जागा दाखवणाऱ्या माणसाची, मोठी मुलाखत छापली, सोबत फोटो, तळहातावर नारळ ताठ उभा आणि मागं बोअरच्या गाडीचा पांढरा फुफाटा उडतोय, आणि वर ठळक अक्षरात की यांनी दाखवलेल्या दहापैकी नऊ बोअरला पाणी लागतंच. मी ते सकाळी चहा ठेवता ठेवता वाचलं. दुपारपर्यंत त्या पानाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि संध्याकाळी आमच्या भाऊजींनी इकडं तिकडं फोन करून त्या माणसाचा नंबर मिळवला सुद्धा. आता पंधरा दिवसांत आमच्या खालच्या पट्टीत सहावा बोअर होणार आहे. म्हणून हे पत्र, आणि जरा लांबलं तर सांभाळून घ्या, कारण आमच्याकडं बोअर म्हणजे सोन्याच्या पाटल्या मोडायचा विषय असतो.

त्या माणसाबद्दल मला वाईट काही बोलायचं नाही. तो मुद्दाम फसवतो असं मी म्हणत नाहीये, त्याचा स्वतःचा पूर्ण विश्वास असेल. माझं म्हणणं तुमच्या पानाबद्दल आहे. दहापैकी नऊ हा आकडा आला कुठनं? तर त्यांनीच सांगितला. मोजला कुणी? कुठल्या सालातले दहा? उरलेल्या एकाच्या घरी तुमचा वार्ताहर गेला का? ज्या नऊजणांना पाणी लागलं त्यांच्या मोटारी मार्च महिन्यात चालू होत्या का? यातलं एकही त्या पानावर नाही. तीन शेतकऱ्यांचे अनुभव आहेत आणि तिघंही पाणी लागलेले. ज्याचा बोअर कोरडा गेला त्याला शोधत कोण येतंय, आणि तो तरी आपणहून कशाला सांगेल, कर्ज काढून जमिनीत भोक पाडलं हे काय चारचौघात सांगायचं असतं का.

आमच्या घरात एक वही आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते शाळेत फार शिकलेले नव्हते पण प्रत्येक खर्च लिहून ठेवायचे, बियाणं, खत, बैलाची पत्री, सगळं. त्यात पाच बोअर लिहिलेत. २०१२ चा दुष्काळ, ३२० फूट, कोरडा. २०१३, २८० फूट, अडीच इंची पाणी. २०१५, ४५० फूट, कोरडा. २०१६, ५०० फूट, अर्धा इंच, आणि पुढं त्यांच्याच अक्षरात 'फेब्रुवारीत बंद'. २०१९, ६०० फूट, कोरडा. पाचही जागा नारळानं दाखवलेल्या, त्यातल्या २०१३ आणि २०१५ च्या तर एकाच माणसानं. आता गंमत नाही, खरं सांगते, आजही आमच्या वस्तीवर कुणाला विचारा की अमुक पाणाड्या कसा आहे, तर सगळे म्हणतात देवमाणूस, यांच्याच रानात अडीच इंची काढून दिलं की. २०१५ ची आठवण कुणालाच नाही. त्या २०१५ च्या बोअरवर पत्र्याचं झाकण ठेवून वर दगड ठेवलाय, पोरं पडू नयेत म्हणून, आणि आम्ही रोज त्याच्या शेजारनं ये-जा करतो, तरी आठवण नाही. म्हणजे माणसं खोटं बोलतात असं नाही, डोक्यात राहतंच तेवढं. ज्या दिवशी पाणी उसळून वर आलं त्या दिवशी सगळी वस्ती गोळा झाली होती, गुळ-खोबरं वाटलं होतं, गाडीला हार घातला होता. कोरडा गेला त्या रात्री घरात कुणी जेवलं नव्हतं, पण ते फक्त आम्हालाच माहीत.

आणि जे फेल गेले त्या प्रत्येकाला कारण तयार होतं. एकदा गाडी लावताना फुलीपासून फूटभर सरकली. एकदा भावकीत सुतक होतं ते आम्ही सांगितलं नाही. आणि एकदा म्हणे अजून पन्नास फूट गेला असता तर शंभर टक्के लागलं असतं. या शेवटच्या कारणाचा मला फार राग येतो. कारण बघा, ४५० ला थांबलं तर ५०० ला होतं, ५०० ला थांबलं तर ५५० ला होतं, मग हा माणूस चुकला असं म्हणायची वेळ येणार तरी कधी? जे बोलणं कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही त्याला पाणी लागलं तरी पुरावा मिळत नाही आणि नाही लागलं तरी मिळत नाही, ते नुसतं बोलणंच राहतं. आमचे पैसे मात्र फुटावर जातात.

आता कुणी म्हणेल पाच बोअरवरनं तुम्ही काय सिद्ध करताय. बरोबर आहे, काहीच नाही. पाचावरनं नारळ खोटा असं मी म्हणूच शकत नाही, जसं तुमच्या तीन शेतकऱ्यांवरनं तो खरा आहे असं तुम्हाला म्हणता येत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की माझ्या वहीत निदान पाचच्या पाच आहेत, चांगले-वाईट सगळे, आणि तुमच्या पानावर फक्त निवडलेले.

दुसरं, 'पाणी लागलं' म्हणजे काय हे आधी ठरलेलं पाहिजे. गाडीवाल्याच्या भाषेत अर्धा इंच आला तरी लागलं. श्रावणात बोअर पाडला तर मुरमातनंच पाणी झिरपतं, वरच्या अंगाला ओलावा असतोच, त्याला लागलं म्हणायचं का? अर्ध्या इंचावर पाच मिनिटं मोटार चालते आणि तासभर बंद ठेवावी लागते, त्यावर डाळिंब जगत नाही, गाई-म्हशींचं पिण्याचं कसंबसं भागतं. २०१६ चा आमचा बोअर त्या पाणाड्याच्या हिशोबात पास आहे आणि मामांच्या वहीत नापास आहे. एकाच बोअरचे दोन निकाल. मग दहापैकी नऊ हे कुणाच्या हिशोबानं?

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा खरंच नऊ लागले. तरी नारळानं दाखवले म्हणून लागले हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी हे माहीत पाहिजे की त्याच रानात, तितक्याच खोलीवर, नारळाशिवाय कुठंतरी पाडले असते तर किती लागले असते. आपल्या महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून झालेला. या कातळात पाणी सगळीकडं सारखं भरलेलं नसतं. ते असतं वरच्या झिजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत, भोकाभोकांच्या ठिसूळ थरात, आणि एक थर संपून दुसरा लागतो तिथं, जिथं गाडीतनं पांढऱ्याऐवजी लालसर गेरूसारखी माती यायला लागते. भेग गाठली तर पाणी आणि दहा फुटांवर हुकली तर फुफाटा. म्हणून तर लोक म्हणतात की पाणाड्याशिवाय जमत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की ओढ्याकाठच्या खोलगट पट्टीत कुठंही पाडा, पाणी लागायची शक्यता बरी असते, आणि वरच्या माळावर कुठंही पाडा, कमी असते. आमचा २०१३ चा बोअर ओढ्यापासून शंभर पावलांवर आहे. बाकीचे चार माळाकडचे. आता यात नारळ किती आणि ओढा किती, हे कोण सांगणार? जो माणूस जास्त करून ओढ्याकाठच्याच रानात बोलावला जातो त्याचा हिशोब नारळ घरी ठेवला तरी चांगलाच दिसेल.

आणि हे मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. जुन्या माणसांना जमिनीची जाण असते. उंबर कुठं वाढलाय, वारूळ कुठंय, उन्हाळ्यात कुठल्या बांधाचं गवत उशिरापर्यंत हिरवं राहतं, शेजारच्या विहिरीला झरा कुठल्या अंगानं येतो, हे ते चालता चालता बघतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय आहे, कुठलं झाड, त्याच्या कुठल्या बाजूला वारूळ, मग किती खोल पाणी, असं सगळं त्यात दिलंय. ते सगळं बरोबर निघेलच असं नाही, पण ते तपासता येतं. झाड तिथं आहे, वारूळ तिथं आहे, खोली सांगितलीय, जा आणि खणून बघा. हा दावा कसा करायचा असतो त्याचा चांगला नमुना आहे. माझा प्रश्न असा की पाणाड्या जर डोळ्यांनी रान वाचत असेल तर मग त्याचं श्रेय नारळाला का, आणि नारळच दाखवत असेल तर त्याला डोळे बांधून का चालता येऊ नये.

हे डोळे बांधायचं मी घरी करून बघितलं. माझा मुलगा नववीत आहे, पुरवणीतला फोटो बघून तो कडुलिंबाची बेचकी तोडून घेऊन आला, काही पाणाडे नारळाऐवजी धरतात तशी दोन फाट्यांची फांदी. दोन टोकं दोन मुठीत, तळवे वर, आणि दोन्ही हात जरा बाहेर ताणून धरायचे म्हणजे फांदी ताणाखाली राहते. अंगणात चालता चालता ती एकदम खाली वळली, पाण्याच्या टाकीच्या पाईपवर. तो ओरडलाच, आई मी काही केलं नाही, आपोआप वळली. आणि तो खरंच बोलत होता. मी त्याच्या मनगटाकडं बघत होते, मनगट आत वळलं ते तिळाएवढं, आणि तेवढ्यानं ताणलेली फांदी सटकन पालटते. मी हातात घेतली तर माझंही तसंच झालं, आणि मला सुद्धा कुणीतरी खेचल्यासारखं वाटलं. मग त्याच्या डोळ्यांना टॉवेल बांधला, दोन-तीनदा गोल फिरवला आणि चालवत राहिले, फांदी वळली की तिथं मी खुंटी ठोकायची. पाच वेळा केलं. पाच खुंट्या पाच ठिकाणी, पाईपवर एकही नाही. टॉवेल सोडल्यावर तो बराच वेळ त्या खुंट्यांकडं बघत उभा राहिला, काही बोलला नाही.

मायकेल फॅरडे म्हणजे विजेच्या मोटारीमागचा शास्त्रज्ञ, त्यानं १८५३ साली अशाच एका गोष्टीची तपासणी केली होती. तेव्हा इंग्लंडमध्ये घराघरात टेबल फिरवायचं खूळ आलं होतं, चार माणसं टेबलावर हात ठेवून बसायची आणि टेबल आपोआप हलायचं, लोक म्हणायचे भुतं हलवतात. फॅरडेनं काय केलं, पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट पदार्थ लावला आणि माणसांना त्यावर हात ठेवायला सांगितले. टेबल आधी हललं असतं तर खालचे पुठ्ठे पुढं सरकले असते, हात आधी हलले असते तर वरचे. वरचे सरकले होते. माणसं प्रामाणिक होती, हात मात्र त्यांना न कळता ढकलत होते. मला ही पद्धत फार आवडली कारण त्यात कुणाला खोटारडा म्हणावं लागत नाही, फक्त आधी काय हललं एवढंच बघितलं जातं.

पाणाड्यांच्या पण अशा परीक्षा झाल्यात. जर्मनीत कासेलला १९९० साली तीसेक जणांना बोलावून सपाट मैदानात अर्धा मीटर खोल प्लॅस्टिकचे पाईप पुरले, पाईप कुठंय ते वर पट्टी लावून दाखवलं सुद्धा, फक्त आत्ता त्यातनं पाणी वाहतंय की नाही एवढंच ओळखायचं. चाचणी योग्य आहे असं त्या सगळ्यांनी आधी लिहून दिलं होतं आणि आपण शंभर टक्के ओळखू अशी त्यांची खात्री होती. निकाल निघाला नाणं फेकून येईल तेवढाच. आधी लिहून घेतलं होतं हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण मग नंतर सुतक निघत नाही.

त्याच्याआधी १९८७-८८ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी पाचशेच्या आसपास माणसं बघून त्यातले ४३ निवडले, एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाईप गाड्यावर ठेवून दहा मीटरच्या रेषेवर मागं-पुढं करायचा आणि वरच्या मजल्यावरच्या माणसानं तो कुठंय ते सांगायचं. ८४३ वेळा केलं. त्यांनी स्वतः जाहीर केलं की बहुतेकांना जमलं नाही पण थोड्या जणांना आश्चर्य वाटावं इतकं जमलं. हा दाखला आजही लोक देतात. पण नंतर १९९९ साली जिम एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे परत तपासले. त्याचं म्हणणं सोपं होतं. ४३ पोरांना नाणी फेकायला लावली तर दोन-चार पोरांना लागोपाठ छापा येणारच, मग नंतर फक्त त्यांनाच बाजूला काढून यांच्या हातात जादू आहे म्हणायचं का? आणि तीच माणसं दुसऱ्या फेरीत तसं करून दाखवू शकत नव्हती. त्यातला सगळ्यात चांगला जो होता त्याच्यापेक्षा, डोळे मिटून दरवेळी रेषेच्या बरोब्बर मध्यावर बोट ठेवणारा माणूस सरासरी फक्त ४ मिलिमीटरनं मागं राहिला असता, दहा मीटरमध्ये. आकडे तेच, कागद तेच, आणि निष्कर्ष उलटा, कारण एकानं नंतर निवडून बघितले आणि दुसऱ्यानं सगळे बघितले. तुमच्या पुरवणीचं तेच झालंय.

इथं कुणी म्हणेल मग मशीनवाल्यांना बोलवा. तिथंही माझे प्रश्न तेच आहेत. जमिनीत सळया ठोकून वीज सोडून दगडाचा विरोध मोजायचा, ओला झिजलेला दगड वीज जास्त वाहू देतो, त्याला कारण आहे, भूगर्भशास्त्राची माणसं ते वापरतात, पण त्यांचाही अंदाज चुकतो आणि चांगला माणूस तसं स्पष्ट सांगतो. याउलट आमच्याकडं एकजण लाल-हिरवे दिवे लागणारी पेटी घेऊन फिरत होता, परदेशी मशीन म्हणे, त्याला विचारलं नेमकं काय मोजतं, तर म्हणाला पाणी. नारळ जुना आणि पेटी नवी एवढाच फरक. शास्त्राचं नाव घेतलं म्हणून पुरावा द्यायचं चुकत नाही.

पुरावा कसा जमवतात हे बघायला लांब जायला नको. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, गावोगावी त्यांच्या निरीक्षण विहिरी ठरलेल्या आहेत, आणि वर्षातनं चार वेळा त्या त्या विहिरीत फीत सोडून पाणी किती खोल आहे ते लिहितात. पाणी वर असलं तरी लिहितात, खाली गेलं तरी लिहितात, विहीर आटली तरी लिहितात. त्यातली कुठली छापायला चांगली दिसते म्हणून निवडत नाहीत. पाणाड्याचीही अशी यादी होऊ शकते, काही अवघड नाही, एका तालुक्यात एका उन्हाळ्यात त्याने दाखवलेले सगळे बोअर, खोली, किती इंची, पुढच्या मार्चला काय स्थिती, आणि शेजारी त्याच गावातले न दाखवता पाडलेले बोअर. तुमचे तालुक्याला वार्ताहर आहेत, गाडीवाल्यांकडं नोंदी असतात. हे काम तुम्ही करू शकता, मी एकटी बाई करू शकत नाही.

'इतकी वर्षं लोक करतात ते काय वेडे आहेत का' असं भाऊजी परवा म्हणाले. मी म्हटलं भाऊजी, लोक वेडे नाहीत, लोक घाबरलेले असतात. जिथं आतलं काहीच दिसत नाही आणि पैसे मात्र एका दिवसात जाणार आहेत तिथं कुणीतरी बोट दाखवून इथं म्हणणारा हवा असतो, मला सुद्धा हवा असतो, २०१९ ला मीच जाऊबाईंच्या आधी नारळाची पूजा केली होती. पण माझी भीती आणि त्याचं बोट मिळून पुरावा होत नाही.

भाऊजींशी भांडून घर मोडायचं नाहीये म्हणून एक ठरवलंय. तो माणूस मंगळवारी येतोय. मामांच्या वहीचं पान मी रिकामं ठेवलंय. त्यानं जागा दाखवली की गाडी लागायच्या आधी त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, किती फुटांवर, तेही १५० ते ५०० असं नाही तर वीस फुटांच्या अंतरात, आणि किती इंची, आणि खाली सही. ६०० ला न थांबता अजून जायचं का हेही आधीच लिहायचं. भाऊजींनी फोनवर त्याला हे सांगितलं तर तो जरा वेळ गप्प बसला आणि मग बघू म्हणाला. पान लिहून झालं की मी त्याचा फोटो बोअर व्हायच्या आधी तुमच्या ऑफिसला पाठवते, तारीख-वेळेसह, म्हणजे नंतर कुणाला काही बदलता येणार नाही, मला पण नाही. पाणी लागलं तरी कळवीन, नाही लागलं तरी कळवीन, आणि मार्चमध्ये परत एकदा कळवीन. दोन्हीपैकी जे होईल ते त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक, ता. आष्टी, जि. बीड